काउलिंगचं तोंड कापण्याआधी फटी बुजवा

रिवेटगन:
घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन चढताना तापलं की सल्ला ठरलेला: काउलिंगची (इंजिनावरच्या झाकणाची) पुढची तोंडं मोठी करा. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. हवा पुष्कळ आत येते, ती फिन्समधून (सिलिंडरांवरच्या, उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्यांमधून) जात नाही हे खरं दुखणं. सिलिंडरांच्या वर दाब जास्त, खाली कमी, आणि त्या फरकावर सगळं चालतं. ८० नॉट वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाबच जेमतेम १०५ मिमी पाण्याइतका. त्यातला बराचसा बॅफलच्या (हवा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या) कोपऱ्यांतून आणि त्यांच्या कडेच्या उलट्या दुमडलेल्या रबरी पट्ट्यांखालून वाया जातो. अंधारात आत दिवा ठेवून बघा, उजेड दिसेल तिथून हवा पळते. माझा तिसरा सिलिंडर चढताना ४३० फॅरनहाइटवर जायचा. सिलिकॉनने फटी बुजवल्या, पट्ट्या नीट वळवल्या, तो ३९५ वर आला. कापाकापी शून्य.

मॅनोमीटर:
अर्धाच सहमत. आलेली हवा बाहेर कुठून पडणार? तापलेली हवा फुगते, तिला निघायला जास्त जागा लागते, आणि त्याच वाटेत आपण एक्झॉस्टचे पाइप घालून ठेवतो. खाली दाब साचला की वरच्या फटी कितीही बुजवा, फरक वाढत नाही. अंदाज नको, मोजा. एक नळी इंजिनाच्या वर, एक खाली, दोन्ही जुन्या एअरस्पीड इंडिकेटरला जोडा. मग प्रत्येक नळीचा दाब बाहेरच्या हवेशी वेगळा ताडून पाहा. खालचा जास्त निघाला तर निकास अरुंद आहे. माझ्याकडे तसंच निघालं, आणि काउल फ्लॅप (निकास उघडणारी-मिटणारी झडप) लावल्यावरच सुटलं.

रिवेटगन:
फ्लॅप चालेल, समतल उड्डाणात तो मिटतो. कायमचा मोठा निकास मात्र प्रत्येक उड्डाणात वेग खाणार, त्याला माझा विरोध आहे.

तेलकट_हात:
दोघेही हवेमागे लागलात. उष्णता जास्त का तयार होतेय ते आधी बघा! टायमिंग (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याची वेळ) इंजिनाच्या पाटीवर लिहिलंय तेवढंच आहे का? इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून ठिणगी त्याहून आधी पाडली असेल तर सिलिंडर तापणारच. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ, म्हणजे इंधन कमी, असेल तर बॅफल किती सांभाळणार? शिवाय इंजिन नवं असेल तर पिस्टनच्या रिंगा नीट बसेपर्यंत जास्त तापमान दिसतंच. लायकमिंग ओ-३६० इंजिनाच्या सिलिंडर-तापमानाची कमाल मर्यादा ५०० फॅरनहाइट असली तरी सिलिंडर टिकवायचे तर मी ४०० च्या खालीच ठेवतो.

मॅनोमीटर:
मिश्रणाचं पटलं. पण चारही सिलिंडर तापतात की एकच, हे आधी विचारायला हवं. एकटा तिसराच तापत असेल तर त्याच्या मागच्या बाजूला हात घाला: तिथले फिन्स उथळ असतात आणि बॅफल त्यांना चिकटून बसतो. मध्ये वॉशर घालून थोडी फट सोडली की हवेला वाट मिळते. ओतकामाचे उरलेले पापुद्रेही फिन्समध्ये अडकलेले असतात, ते बारीक कानशीने काढा.

रिवेटगन:
म्हणजे मी बुजवत सुटलो आणि तिथे फट सोडायची होती. उद्या बॅफल उतरवतो. नळ्याही लावतो, पण तोंड कापणार नाही.