इंटरनेट नसलेल्या जाळ्यातील लहान संगणकांची घड्याळे एकमेकांशी कशी जुळवावीत?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे आठ रास्पबेरी पाय ४ संगणक एकाच जाळ्यात जोडलेले आहेत आणि प्रत्येकावर एक कंपनमापक सेन्सर आहे. वेगवेगळ्या मोटारींची कंपने एकाच वेळी नोंदवून कोणता धक्का आधी बसला आणि कोणता नंतर, हे मला शोधायचे आहे. त्यासाठी आठही घड्याळांत १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक असून चालणार नाही. बाहेरच्या जगाच्या वेळेशी मात्र दोन-चार सेकंदांचा फरक राहिला तरी माझी हरकत नाही. हे जाळे इंटरनेटला जोडलेले नाही आणि पुढेही जोडता येणार नाही.

सुरुवातीला मी आठही यंत्रांची वेळ हाताने लावली. दोन दिवसांतच त्यांच्यात सेकंदभराहून अधिक तफावत पडली. त्याहून मोठी अडचण वीज गेल्यावर येते. परवा दुपारी १४:५२ ला वीज गेली आणि आठ मिनिटांनी आली, तेव्हा सगळ्या यंत्रांनी नोंदी १४:१७ पासून पुन्हा सुरू केल्या. त्यामुळे १४:१७ ते १४:५२ या काळाच्या दोन-दोन नोंदी तयार झाल्या असून वेळेच्या शिक्क्यावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. त्याआधी एकदा वीज गेली होती तेव्हाही घड्याळ कुठल्यातरी तासाच्या सतराव्या मिनिटालाच येऊन थांबले होते. हा सतरा आकडा कुठून येतो, हे मला उमगलेले नाही.

एका यंत्रावर क्रोनी हा घड्याळे जुळवणारा प्रोग्राम बसवून त्याला मुख्य घड्याळ करण्याचा प्रयत्न मी केला. त्याच्या फाइलमध्ये जाळ्यातील पत्त्यांना परवानगी देणारी ‘अलाऊ’ची ओळ लिहिली आणि बाकीच्या सात यंत्रांवर त्याचा पत्ता सर्व्हर म्हणून दिला. तरीही त्या सातांवर ‘क्रोनीसी सोर्सेस’ ही आज्ञा दिली की मुख्य यंत्रापुढे प्रश्नचिन्हच दिसते. पिंग (एका यंत्रातून दुसरे गाठता येते का हे पाहणारी आज्ञा) मात्र व्यवस्थित जाते. माझे काय चुकते आहे?

पहिले उत्तर

आधी सतराचे कोडे सोडवू. रास्पबेरी पाय ४ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते (२०२३ मध्ये आलेल्या पाय ५ वर ते आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते). ही उणीव झाकण्यासाठी ‘फेक एचडब्ल्यूक्लॉक’ नावाचा एक छोटा प्रोग्राम तासातून एकदा चालू वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की तीच वेळ घड्याळात भरतो. रास्पबेरी पायची प्रणाली ज्या डेबियन लिनक्सवर बेतली आहे त्यात तासाला एकदा करायची कामे क्रॉन हा ठरल्या वेळी कामे करणारा प्रोग्राम प्रत्येक तासाच्या सतराव्या मिनिटाला करतो, म्हणून वीज अचानक गेली की तुमची यंत्रे शेवटच्या सतराव्या मिनिटावर परततात. म्हणजे ते घड्याळ बिघडलेले नाही. त्याला शेवटची जी वेळ ठाऊक आहे तिथून ते पुढे चालू लागते.

आता प्रश्नचिन्हाबद्दल. तुमच्या मुख्य यंत्राला स्वतःलाच बाहेरून वेळ मिळालेली नाही. त्यामुळे विचारणाऱ्याला ते प्रामाणिकपणे सांगते की ‘माझे घड्याळ कशाशीही जुळलेले नाही’, आणि अशा यंत्राची वेळ घ्यायची नाही असा एनटीपीचा (क्रोनी वापरते त्या, जाळ्यावरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीचा) नियम असल्यामुळे सातही यंत्रे त्याला नाकारतात. मुख्य यंत्राच्या फाइलमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही ओळ लिहा. बाहेरचा स्रोत नसला तरी माझे घड्याळ प्रमाण मानावे, असा त्या ओळीचा अर्थ होतो. स्ट्रॅटम म्हणजे मूळ घड्याळापासूनची पायरी. ती १ ते १५ असते आणि १६ म्हणजे न जुळलेले. दहा हा आकडा मुद्दाम मोठा ठेवतात, कारण उद्या जाळ्यात खरा स्रोत आला तर तो आपोआप वरचढ ठरावा.

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे: आपसात १० मिलिसेकंद, जगाशी दोन-चार सेकंद. या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. घड्याळे आपसात जुळण्यासाठी मुख्य घड्याळ बरोबर असण्याची गरज नसते, ते एकच असावे आणि सगळ्यांनी त्याचे ऐकावे एवढे पुरते. साध्या स्फटिकाच्या घड्याळात दशलक्षात २० भागांची चूक सहज असते, म्हणजे दिवसाला सुमारे १.७ सेकंद. दोन यंत्रांच्या चुका विरुद्ध दिशेच्या असतील तर तुमची १० मिलिसेकंदांची मर्यादा जेमतेम चार मिनिटांत ओलांडली जाते. म्हणून हाताने वेळ लावण्याचा मार्ग इथे मुळातच बंद आहे आणि विचारणा वारंवार व्हायला हवी. क्रोनी सुरुवातीला ६४ सेकंदांनी विचारते आणि हळूहळू १०२४ सेकंदांपर्यंत जाते. ही काळजी इंटरनेटवरच्या सर्व्हरांवर भार पडू नये म्हणून आहे. तुमच्या स्वतःच्या जाळ्यात ‘मिनपोल २’ आणि ‘मॅक्सपोल ४’ ठेवा, म्हणजे ४ ते १६ सेकंदांनी विचारणा होईल (हे आकडे दोनाचे घात आहेत). केबलच्या जाळ्यात घड्याळे काही दशक मायक्रोसेकंदांच्या आत येतात, म्हणजे तुमच्या गरजेपेक्षा शेकडो पट जवळ. एवढ्यासाठी पीटीपी या याहून काटेकोर पद्धतीच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

जगाच्या वेळेसाठी मुख्य यंत्राला डीएस३२३१ हे घड्याळ जोडा. ते तापमानानुसार स्वतःला सावरून घेते आणि ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये त्याची चूक दशलक्षात २ भाग इतकीच असते, म्हणजे महिन्याला पाच सेकंदांच्या आसपास. तुमची मर्यादा पाहता ते दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा खात्रीच्या घड्याळाशी ताडून पाहावे लागेल. हे घड्याळ जोडल्यावर त्या यंत्रावरून ‘फेक एचडब्ल्यूक्लॉक’ काढून टाका, नाहीतर दोघे एकमेकांच्या कामात पाय घालतील.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. बाजारात मिळणाऱ्या डीएस३२३१ च्या अनेक छोट्या पट्ट्यांवर बॅटरी चार्ज करणारे सर्किट असते. त्यात चार्ज न होणारी सीआर२०३२ बॅटरी घालून पट्टीला ५ व्होल्ट दिले तर बॅटरी फुगू शकते. पट्टीला ३.३ व्होल्टच द्या, आणि शक्य असल्यास चार्जिंगच्या वाटेवरचा डायोड किंवा रेझिस्टर काढून टाका.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक बारकावा सुटला आहे. डीएस३२३१ ची वेळ यंत्र सुरू होताना एकदाच वाचली जाते. त्यानंतर व्यवस्थेचे घड्याळ रास्पबेरी पायच्या स्वतःच्या स्फटिकावर धावते आणि त्याची चूक कितीतरी जास्त असते. यंत्र दोन महिने अखंड चालले तर शेजारी बसलेले चांगले घड्याळ असून नसल्यासारखे होते. म्हणून मुख्य यंत्रावर ‘आरटीसीसिंक’ची (व्यवस्थेची वेळ जोडलेल्या घड्याळात उतरवणारी) ओळ ठेवू नका, नाहीतर वाहवत गेलेल्या घड्याळाची वेळ चांगल्या घड्याळात लिहिली जाण्याचा धोका राहील. डीएस३२३१ च्या एका पिनेवर सेकंदाला एक ठोका काढता येतो. तो संगणकाच्या पिनेला देऊन क्रोनीला त्या ठोक्यावर चालवता येते.

आकाश दिसणारी एखादी खिडकी असेल तर जीपीएस ग्रहणयंत्र लावण्याचा विचार जरूर करा. इंटरनेट नसतानाही खरी वेळ देणारा तो मार्ग आहे. मात्र केवळ त्याच्या सिरियल तारेवरून येणाऱ्या मजकुरावर विसंबू नका, कारण तो मजकूर काही शे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि तो उशीरही दर वेळी सारखा नसतो. ‘कोणता सेकंद’ हे मजकुराने सांगावे आणि ‘तो नेमका केव्हा सुरू झाला’ हे सेकंदाच्या ठोक्याने सांगावे, अशी विभागणी करावी लागते. आणखी एक दक्षता घ्या. जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ पासून जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रह साडेबारा मिनिटांतून एकदा कळवतात, त्यामुळे नुकतेच सुरू केलेले ग्रहणयंत्र तोपर्यंत काही सेकंदांनी चुकीची वेळ देऊ शकते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ‘लोकल’ची ओळ लिहिल्यावर मिनिटभरात सातही यंत्रांवर प्रश्नचिन्हाच्या जागी तारा दिसू लागला. सहा यंत्रांवर फरक ४० मायक्रोसेकंदांच्या आत आहे. सातव्या यंत्रापर्यंत केबल जात नसल्यामुळे ते मला वायफायवर घ्यावे लागले आणि तिथे फरक कधी ३, तर कधी ४० मिलिसेकंद दिसतो.

दुसरी अडचण अशी की वीज आल्यावर आठही यंत्रे एकदम सुरू होतात, पण मुख्य यंत्राला मोठी डिस्क जोडलेली असल्यामुळे ती तपासण्यात त्याचे दोन-तीन मिनिटे जातात. तोपर्यंत बाकीची यंत्रे जुन्याच वेळेने नोंदी करू लागतात आणि मग मध्येच घड्याळ उडी मारते.

तिसरे उत्तर

वायफायचे कारण बहुधा वीजबचत हे आहे. वायफायचा भाग झोपलेला असताना त्याच्यासाठी आलेली पाकिटे राउटर धरून ठेवतो. त्यामुळे प्रश्न चटकन जातो, पण उत्तर रेंगाळते. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागतो, असे एनटीपी गृहीत धरते आणि या दोन वेळांत जेवढा फरक असेल त्याच्या निम्मी चूक घड्याळात उतरते. ‘आयडब्ल्यू’च्या आज्ञेने ‘पॉवर सेव्ह ऑफ’ करा, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही ते बंदच राहील अशी व्यवस्था करा. तुमची मर्यादा १० मिलिसेकंद आहे, म्हणून एवढ्याने बहुतेक भागेल. पण निकाल त्या यंत्रावर अवलंबून असेल तर कसेही करून केबल ओढावी, असे माझे मत आहे.

घड्याळ जुळेपर्यंत नोंदी सुरूच होऊ नयेत, हे जास्त महत्त्वाचे आहे. नोंदींच्या सेवेआधी ‘क्रोनीसी वेटसिंक ६० ०.००५’ ही आज्ञा चालवा. फरक ५ मिलिसेकंदांच्या आत येईपर्यंत ती दर दहा सेकंदांनी पाहत राहते आणि साठ वेळा पाहूनही जमले नाही तर अपयश कळवते. तसेच सातही यंत्रांवर ‘मेकस्टेप १ ३’ ठेवा, म्हणजे सुरुवातीच्या तीन जुळवण्यांतच मोठी उडी घेतली जाईल आणि त्यानंतरचा फरक घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करून भरून निघेल. काम चालू असताना घड्याळ मागे जाणे कुठल्याही मोजमापाला परवडत नाही.

प्रत्येक नोंदीत वेळेसोबत यंत्र सुरू झाल्यापासूनचा अवधीही लिहा. लिनक्समध्ये तो मोनोटॉनिक घड्याळातून मिळतो आणि कोणी वेळ बदलली तरी तो कधी मागे जात नाही. त्याच्या जोडीला यंत्र प्रत्येक वेळी सुरू होताना लिनक्स जो नवा बूट क्रमांक देते, तोही लिहिला की १४:१७ सारख्या दुहेरी नोंदी पुढे डोळे झाकून वेगळ्या करता येतील.

मुख्य यंत्रच बंद पडले तर काय, याचाही विचार आत्ताच करून ठेवा. दोन यंत्रांवर ‘लोकल स्ट्रॅटम १० ऑर्फन’ लिहून दोघांना एकमेकांचा पत्ता द्या आणि बाकीच्यांना दोघांचाही द्या. त्या दोघांपैकी एकच पुढारी ठरतो, दुसरा त्याच्यामागे चालतो आणि पहिला गेला की जागा घेतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

वीजबचत बंद केल्यावर सातव्या यंत्राचा फरक दिवसभर २ मिलिसेकंदांच्या आत राहिला. वेटसिंकही लावले आणि मुद्दाम वीज तोडून पाहिली. मुख्य यंत्र येईपर्यंत सातही यंत्रे थांबली आणि नंतरच नोंदी सुरू झाल्या. परवाच्या दुहेरी नोंदी मात्र अजून तशाच आहेत. वीज आल्यावर मुख्य मोटार सुरू होतानाचा मोठा धक्का आठही फाइलींमध्ये स्पष्ट दिसतो. तो धक्का समान बिंदू धरून त्या दिवसाच्या फाइली मागेपुढे सरकवून जुळवतो आहे. आतापर्यंत तीन जुळल्या आहेत.