बारावी झाली, आता आईला भत्ता हवा की मुलाला?

डिचोलीची शिवणवाली

मुलगा यंदा बारावी झाला. कॉमर्स, ७४ टक्के. निकालाच्या दिवशी शेजारी पेढे वाटले आणि रात्री ब्लाउजच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर हिशेब मांडला. कॉलेजची फी. म्हापशापर्यंतचा कदंबा बसचा पास. गणवेश सुटला म्हणून चार जोड कपडे (आई शिवणवाली असली तरी जीन्स काही मला शिवता येत नाही). सीएच्या क्लासचा पहिला हप्ता. आणि जमेच्या बाजूला एकच आकडा, गोवा सरकार गृहिणींना महिन्याला देतं ते गृह आधारचे १,५००.

२०१२ साली ही योजना आली तेव्हा १,००० मिळायचे आणि मुलगा बालवाडीत होता. दूध-भाजी त्यात भागायची. आता रक्कम १,५०० आणि मुलगा माझ्यापेक्षा वीतभर उंच. अट तीच, घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत. घरात पाळण्यातलं मूल आहे की कॉलेजात जाणारं, त्यावर रकमेत एक रुपयाचा फरक नाही. यजमान खाणीवर ट्रक चालवायचे. २०१८ ला खाणी थांबल्या, आता कुंडईला कंपनीची गाडी चालवतात. पूर्वीसारखी कमाई राहिलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच की मूल शाळेतून बाहेर पडल्यापासून २१ वर्षांचं होईपर्यंत आईच्या खात्यात वेगळा भत्ता यावा. ते शिकत असेल किंवा कुठे काम शिकत असेल तरच. नुसतं घरी लोळणाऱ्याला नको. माझी मावसबहीण इंग्लंडात स्विंडनला असते. तिकडे म्हणे वीस वर्षांपर्यंत सरकार देतं. मग इथे का नको?

आल्तिनोवाला

ताई, मुलाचं अभिनंदन. पण घरात खर्च वाढला की सरकारने खात्यात पैसे टाकावेत, ही सवय आता अंगवळणी पडत चालली आहे. ज्येष्ठांना दयानंद योजनेचे २,०००, गृहिणींना गृह आधार, अठरा झालेल्या मुलीला लाडली लक्ष्मीचा १ लाख. आता मोठ्या मुलांच्या आयांना आणखी एक. हे भरणार कोण? शिवाय अठराव्या वर्षी मूल कायद्याने सज्ञान होतं. मत देतं, लायसन्स काढतं. सज्ञान माणसाच्या नावाने आईला भत्ता, हे तर्कात बसत नाही.

शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देणारी योजना राज्याकडे आहे. ती घ्या. फेडायचं आहे म्हटलं की मुलगाही नीट अभ्यास करतो.

निवृत्त मास्तर, पेडणे

आल्तिनोवाले, राग मानू नका, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्ही नोकरी कुठे करता? केंद्र सरकारच्या सेवेत असाल तर मुलांच्या शिक्षणाचा भत्ता घेतलाच असणार. दोन मुलांपर्यंत, बारावी होईपर्यंत, महिन्याला प्रत्येकी २,२५० आणि जानेवारी २०२४ पासून २,८१२ रुपये ५० पैसे. त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. म्हणजे पगारदाराच्या मुलाला शाळेत भत्ता चालतो, त्याला सवय म्हणत नाहीत. खाणीवरचं काम गेलेल्या ट्रकवाल्याच्या बायकोने मागितला की लगेच तिजोरी आठवते.

आल्तिनोवाला

मास्तर, घेतला. नाकारत नाही. पण तोही बारावीला थांबतोच ना? माझी मुलगी फार्मागुढीला इंजिनीयरिंगला आहे, तिची फी मी पगारातून भरतो. नियम सगळ्यांना सारखाच झाला की.

निवृत्त मास्तर, पेडणे

सारखा कसा? तुमचा थांबला तेव्हा मागे पगार होता.

स्विंडनची मावसबहीण (होय, तीच)

हिने मला न विचारता साक्षीला उभं केलं, म्हणून लिहिते. इथला बालभत्ता २०२५ साली पहिल्या मुलाला आठवड्याला साधारण २६ पौंड होता. मूल सोळा वर्षांचं झालं की त्यानंतरच्या ३१ ऑगस्टला तो आपोआप थांबतो. त्याआधी घरी पत्र येतं, मुलगा पुढे शिकणार आहे का ते कळवा म्हणून. कळवलं नाही तर बंद. आमच्या ओळखीत एकीने ते पत्र पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून दिलं होतं, मग दोन महिने फोन करत बसली.

पुढे वीसपर्यंत मिळतो हे खरं, पण फक्त बारावीच्या पातळीपर्यंतच्या शिक्षणाला. डिग्रीला गेला की बंद. पगारी अप्रेंटिसशिप घेतली की बंद. आणि आई-वडिलांपैकी एकाचं उत्पन्न वर्षाला ६० हजार पौंडांच्या वर गेलं की करातून थोडा थोडा परत कापून घेतात, ८० हजारांवर सगळाच. म्हणजे बाय, तुझा मुलगा आज इथे असता तर कॉलेजात गेल्यावर तुला काहीच मिळालं नसतं. तिथून पुढे कर्ज, तेही मुलाच्याच नावावर.

डिचोलीची शिवणवाली

घ्या! माझीच माणसं. ठीक आहे, माझी चूक, नीट विचारून लिहायला हवं होतं. पण तू सांगितलंस त्यातलं मला हवं तेच आहे. मूल शाळा संपवायच्या वळणावर असताना सरकार घरी पत्र पाठवून विचारतं, पुढे काय करणार? इथे मला आजपर्यंत असं कुणी विचारलेलं नाही.

वेर्णा शिफ्ट बी

मी बारावी करून दोन वर्षांपूर्वी कंपनीत लागलो. ताईंच्या मागणीला माझा पूर्ण विरोध. भत्ता द्यायचाच तर आम्हाला द्या, घरच्यांना नको. माझ्या बाबांच्या हातात पडला असता तर तिसऱ्या दिवशी तावेर्नात, दारूच्या दुकानात, गेला असता. हसू नका, अशी घरं प्रत्येक वाड्यावर आहेत.

दोडामार्गचा माझा मित्र बारावीनंतर एका सरकारी कार्यालयात काम शिकायला लागला. महाराष्ट्रात २०२४ ला युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय केलेल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. पैसे थेट त्याच्या खात्यात. सुरुवातीला सहा महिनेच होते आणि नंतर पुढे काय, हा वांधा आहेच. पण पहिल्या महिन्याला त्याने आईला मिक्सर घेऊन दिला. मिक्सर त्याने घेतला, सरकारने नव्हे. तामिळनाडूतही सरकारी शाळेतून कॉलेजला गेलेल्या मुलींना २०२२ पासून महिना १,००० मिळतात, नंतर मुलांनाही सुरू केले. तेही त्यांच्याच खात्यात.

डिचोलीची शिवणवाली

मी बाबांच्या नव्हे, आईच्या खात्यात म्हटलं आहे, परत वाच. आणि अठराव्या वर्षी खात्यात आलेले पैसे मोबाईलच्या हप्त्यात जात नाहीत, असं छातीवर हात ठेवून सांगशील?

वेर्णा शिफ्ट बी

माझा हप्ता चालू आहे. पुढच्या गणेश चवथीला संपतो.

तिखटमिठाची बरणी, वाळपय

तुमचं सगळं वाचलं. मी विधवा आहे. मूल २१ च्या आत असलं तर मिळणारे महिना ४,००० मला मिळतात. त्यामुळे वयाशी बांधलेला भत्ता म्हणजे काय, ते मला विचारा. धाकटा जानेवारीत २१ पूर्ण करतो आणि त्याची शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. आता तर पदवी चार वर्षांचीही करता येते. अठराला बारावी, अधिक चार म्हणजे बावीस. २१ हा आकडा कुणी काढला, कशावरून काढला? कौटुंबिक निवृत्तिवेतनात मुलाला २५ पर्यंत धरतात. माणूस नोकरीत असताना गेला तर २५, रानात काजू काढताना गेला तर २१?

एका कचेरीत विचारायला गेले. खिडकीतला मुलगा चांगला होता, म्हणाला, मावशी, वाढदिवस पुढे ढकलता येत नाही. मी हसले. दुसरं काय करणार? बाहेर येऊन बाकावर बसले आणि बरोबर नेलेली पोळी-भाजी खाल्ली. शिवणवाल्या ताई, तुम्ही मागणी करताना वय घालू नका. शिक्षण संपेपर्यंत असं घाला.

आल्तिनोवाला

मावशी, तुमच्या बाबतीत मी शब्द मागे घेतो. परीक्षेच्या तोंडावर पैसे थांबवणं मूर्खपणाचं आहे, वर्ष पुरं होऊ द्यायला हवं. पण "शिक्षण संपेपर्यंत" याचा अर्थ काही जण तिशीपर्यंत लावतील. आमच्या शेजारी एक तिसऱ्यांदा एम.ए. करतोय.

सरसकट भत्त्याला मात्र माझा विरोध कायम. लाडली लक्ष्मी २०१२ ला आली तेव्हाही मी हेच म्हणालो होतो. मुलीच्या नावे १ लाख ठेवायचा तो लग्नाचा खर्च डोळ्यांपुढे ठेवून कशाला? अठराव्या वर्षी तिला फी भरायची असते.

डिचोलीची शिवणवाली

अहो, हेच तर मी सांगते आहे! मुलीला लग्नासाठी, मुलाला काहीच नाही, आणि फी दोघांचीही तीच. तुम्ही अर्धे माझ्या बाजूला आलात, कबूल करा.

आल्तिनोवाला

पाव. त्याहून जास्त नाही.

निवृत्त मास्तर, पेडणे

ताई, तोवर बिनव्याजी कर्जाचं बघून ठेवा. या गृहस्थांचं तेवढं बरोबर आहे. उत्पन्नाचा दाखला आणि १५ वर्षांचा रहिवासी दाखला आत्ताच काढा. प्रवेशाच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते.

डिचोलीची शिवणवाली

सकाळी तलाठ्याकडे गेले होते, मास्तर. सोमवारी या म्हणाले. सोमवारी दोन नवरीचे ब्लाउज द्यायचे आहेत, तेव्हा मुलालाच पाठवते. सज्ञान आहे ना आता.