मदत हवी आहे: अमेरिकेतली भूक पोरांना कशी समजावू?
नमस्कार मंडळी, सोलापुरात अकरावीला अर्थशास्त्र शिकवते. 2023 मध्ये अमेरिकेत सुमारे 4.7 कोटी लोकांच्या घरी पुरेशा अन्नाची खात्री नव्हती, हा तिथल्या कृषी खात्याचा आकडा सांगितला. लगेच मागच्या बाकावरून, "मॅडम, फुकट अन्न वाटणाऱ्या फूड बँकेच्या रांगेत गाडी घेऊन येतात, ते गरीब कसले?" विडी कामगारांची पोरं ही, रेशनची रांग त्यांना तोंडपाठ! घरभाडं, औषधपाणी, गाडीचा हप्ता आधी जातो, मग कात्री जेवणाला लागते, एवढं मी बोलले. स्नॅप या तिथल्या सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर धान्य-भाजी मिळते, गरम तयार जेवण सहसा नाही, हेही. तिथे राहणारं कुणी आहे का इथे? अशा घरात महिनाअखेरीला ताटात नेमकं काय असतं, ते लिहाल का? आकडे नकोत, ते आहेत माझ्याकडे.