वडिलांचा सेल्फचा चेक दोनदा परत आला. तो नेमका कसा लिहावा?

कोथरूडची वाचक

नमस्कार. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, सदाशिव पेठेत राहतात आणि त्यांचे निवृत्तिवेतन घराजवळच्याच एका शाखेत जमा होते. गुडघेदुखीमुळे त्यांना जिना उतरवत नाही, म्हणून दर महिन्याला घरखर्चाच्या रकमेचा सेल्फचा चेक लिहून ते माझ्याकडे देतात आणि मी पैसे काढून त्यांना नेऊन देते. गेल्या महिन्यात, चेक वाटेत हरवला तर काय, या काळजीने त्यांनी डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या आणि चेक खिडकीवरूनच परत मिळाला. या महिन्यात रेघा मारल्या नाहीत, पण ‘बेअरर’ हा छापील शब्द खोडला; तेव्हा ‘खातेदारांना स्वतः यावे लागेल’ असे उत्तर मिळाले. आयुष्यभर ज्या सवयींनी त्यांनी चेक सांभाळले, त्याच आता नडाव्यात याचे त्यांना फार वाईट वाटले.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. याच खात्यातले २ लाख रुपये त्यांना दुसऱ्या बँकेतील स्वतःच्याच खात्यात ठेवायचे आहेत. पैसे त्यांचेच आणि खातेही त्यांचेच, म्हणून तो चेकही सेल्फ लिहावा का?

निवृत्त बँक कर्मचारी, कर्वेनगर

ताई, आपल्या वडिलांची काळजी रास्त आहे आणि शाखेने दिलेली उत्तरेही नियमाला धरून आहेत. सेल्फचा चेक म्हणजे खातेदाराने आपल्याच बँकेला ‘माझे पैसे मला रोख द्या’ असे लिहून दिलेले पत्र. त्यावर दोन रेघा मारल्या की चेक क्रॉस होतो आणि १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार त्याचे पैसे बँकेमार्फतच, म्हणजे कोणाच्या तरी खात्यातच जमा करावे लागतात. एकाच कागदावर ‘रोख द्या’ आणि ‘रोख देऊ नका’ असे दोन्ही लिहिल्यासारखे ते होते.

‘बेअरर’ खोडण्याचा परिणाम वेगळा आहे. तो शब्द शाबूत असतो तोपर्यंत चेक खिडकीवर आणणाऱ्याला पैसे देता येतात. तो खोडला, आणि नावाच्या जागी ‘सेल्फ’च असले, तर पैसे घेणारी व्यक्ती खातेदारच आहे ना, याची खात्री रोखपालाला करावी लागते. आपण खातेदार नाही, म्हणून आपल्याला परत पाठवले.

मी इतकी वर्षे खिडकीमागे बसून जे पाहिले त्यावरून आपल्याला तिसरा मार्ग सुचवतो. घरातली ठरावीक व्यक्तीच पैसे आणणार असेल, तर ‘सेल्फ’ लिहूच नये. नावाच्या जागी आपले पूर्ण नाव लिहावे, ‘बेअरर’ खोडावे आणि रेघा मारू नयेत. मग ओळखपत्र पाहून आपल्याला रोख मिळू शकते आणि चेक वाटेत पडला तरी सापडलेल्या माणसाला तो सहजासहजी वटवता येत नाही. पासबुकात आपल्या नावाची नोंद येईल, ती भावंडांना आधीच सांगून ठेवावी. अशा साध्या नोंदींवरून पुढे गैरसमज झालेले मी पाहिले आहेत. खातेदाराऐवजी दुसरी व्यक्ती रक्कम काढणार असेल तर तिच्यासाठी प्रत्येक बँकेची मर्यादा निराळी असते, तेवढी शाखेत विचारावी.

२ लाखांच्या चेकवर मात्र सेल्फ नको. तेथे वडिलांचे नाव दुसऱ्या बँकेच्या पासबुकात जसे आहे तसेच लिहावे, शक्यतो पुढे त्या खात्याचा क्रमांकही लिहावा, आणि येथे त्यांच्या आवडत्या दोन रेघा अवश्य माराव्यात, मध्ये ‘अकाउंट पेयी’, म्हणजे पैसे नाव लिहिलेल्याच्याच खात्यात, असे लिहून. हा चेक क्लिअरिंगमध्ये, म्हणजे एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे वसुलीसाठी, प्रतिमेच्या रूपाने जातो, त्यामुळे तारखेखेरीज कशातही खाडाखोड चालत नाही; चूक झाली तर नवा चेक घ्यावा. ५०,००० रुपये आणि त्यापुढच्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवण्याची ‘पॉझिटिव्ह पे’ सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे, ती वापरावी.

नारायण पेठेतील वाचक

वरील उत्तराला माझ्या घरचा अनुभव जोडतो. आईने सही करून ठेवलेला सेल्फचा चेक पिशवीतून पडला आणि आम्हाला ते संध्याकाळी कळले, तोवर कोणीतरी पैसे काढून नेले होते. बँकेने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता धारकाला पैसे दिले असतील तर तिची जबाबदारी तेथे संपते, असे आम्हाला सांगण्यात आले, आणि कायदाही तसाच आहे. म्हणून कळकळीने सांगतो, सेल्फचा चेक ज्या दिवशी जायचे त्याच दिवशी लिहावा, अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत रेघ ओढावी, आणि मागची सही करून तो चार दिवस घरात ठेवू नये. चेकबुकातले क्रमांक वेगळ्या वहीत टिपलेले असले तर पेमेंट थांबवायला सांगताना शोधाशोध होत नाही.

सहकारनगरची वाचक

वडिलांचे वय पाहता एक सोय सुचवते. ७० वर्षांवरील आणि आजारी किंवा अपंग ग्राहकांना घरी रोख पोहोचवण्यासारख्या सेवा द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. शाखेत लेखी अर्ज करून ही सेवा आणि तिचे शुल्क विचारावे. आणि पुढे कधी हात थरथरल्यामुळे सही जुळेनाशी झाली, तर अंगठ्याच्या ठशाचीही तरतूद आहे. त्यासाठी दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी हे माहीत नसल्याने आम्ही उगाच तीन महिने हाल सोसले.

कोथरूडची वाचक

सर्वांची मनापासून आभारी आहे. वडिलांना उत्तरे वाचून दाखवली. रेघा कोठे माराव्यात आणि कोठे नकोत हे त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतले. एकच शंका राहिली. ते चेक मराठीतच लिहितात, तर माझे नाव मराठीत लिहिलेले चालेल ना?

निवृत्त बँक कर्मचारी, कर्वेनगर

जरूर चालेल. चेक हिंदीत, इंग्रजीत किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत लिहिण्याची मुभा ग्राहकाला आहे. फक्त आपल्या ओळखपत्रावर मराठी नाव जसे छापले आहे तसेच त्यांना लिहायला सांगावे, आणि चेकवर तीन महिन्यांच्या आतली तारीख असावी.