मदत हवी आहे : चढावर इंजिन खडखडतं, प्रीमियम पेट्रोल भरलं की थांबतं. कायम प्रीमियमच भरू का?

नमस्कार मंडळी,

गाडी अकरा वर्षांची आहे. १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही, ९४ हजार किलोमीटर झालेत. आधी वडील चालवायचे, दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. अजून बरीच वर्षं चालवायची आहे, म्हणून जरा सविस्तर विचारतोय.

गेले तीन-चार महिने चढावर आवाज येतो. तिसरा गिअर, वेग तीसच्या आसपास, एसी चालू, गाडीत चौघं. ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवावेत तशी खडखड सुरू होते. पाय थोडा उचलला की लगेच बंद. सपाट रस्त्यावर आवाज नाही, इंजिन थंड असतानाही नाही. पंधरा-वीस मिनिटं चालवून इंजिन तापलं की मगच.

मागच्या महिन्यात पंपावर साधं पेट्रोल संपलं होतं, म्हणून ९५ ऑक्टेनचं प्रीमियम भरलं. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये आवाज जवळजवळ गायब! पुढच्या वेळी साधं भरलं आणि आवाज परत आला. गॅरेजवाले म्हणाले, "प्रीमियमच भरत जा, प्रश्न मिटला."

मला हे पटलेलं नाही. पेट्रोलच्या झाकणामागे स्टिकर आहे : 'अनलेडेड, किमान ९१ आरओएन', म्हणजे किमान ९१ ऑक्टेन. पुस्तिकेतही तेच, प्रीमियमचा उल्लेखच नाही. इतकी वर्षं गाडी ९१ वरच विनातक्रार चालली. मग आताच काय बिघडलं?

मला समजलंय ते असं, की ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीआधी किंवा ठिणगीनंतर भलतीकडेच आपोआप पेट न घेण्याची क्षमता तो सांगतो. दोन्ही टाक्यांचं ॲव्हरेज फुल टाकी ते फुल टाकी असं मोजलं, फरक म्हणावा असा काही नाही. पिकअपही तोच. म्हणजे प्रीमियमने फक्त आवाज दाबला जातोय आणि खरं दुखणं आतच राहतंय का, हे मला विचारायचंय. आणि कारण सापडेपर्यंत साधं भरत राहिलो तर इंजिनाला धोका किती?

—

प्रतिसाद :

शंका रास्त आहे तुमची. कारण सापडेपर्यंत प्रीमियम भरा, त्याने नुकसान काही नाही. टाकीत साधं शिल्लक असलं तरी चालेल, दोन्ही बिनधास्त मिसळतात; ९१ आणि ९५ निम्मं-निम्मं झालं तर साधारण ९३ च्या जवळपास पडेल. पण त्यावर थांबू नका. चढावरची खडखड ऐकू येत असताना तसंच दामटत राहणं वाईट, पिस्टन आणि हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या वरच्या भागाच्या सांध्यातली पट्टी) मार बसतो. तोवर चढाला दुसरा गिअर लवकर टाका. कमी आरपीएमवर (इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर) जोर लावला की नॉकिंग, म्हणजे हीच खडखड, वाढतं.

टर्बो असतं किंवा पुस्तिकेत ९५ लिहिलेलं असतं तर मी प्रीमियमच सांगितलं असतं. तुमचं इंजिन ९१ साठी बनलंय. ते ९१ वर खडखडायला लागलं याचा अर्थ आत काहीतरी बदललंय. पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साचला की जागा कमी होते, दाब वाढतो आणि तो कार्बन निखाऱ्यासारखा तापतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी असेल, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) तुंबून मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल, नॉक सेन्सर (खडखड ओळखणारा) गेला असेल, तरी हेच होतं. पण हे सगळं नंतर. सगळ्यात स्वस्त तपासणी आधी करा : शेवटचे स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारे) कधी बदलले आणि कोणत्या नंबरचे बसवले? प्लगमध्ये गरम-थंड असा प्रकार असतो. गरम प्लगचं टोक उष्णता लवकर सोडत नाही, म्हणून चुकीचा गरम प्लग बसला तरी खडखड होऊ शकते. काही कंपन्यांत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, काहींत बरोबर उलट, त्यामुळे दुकानात सर्रास घोळ होतो.

—

मूळ प्रश्नकर्ता :

खूप आभार! प्लग चार महिन्यांपूर्वीच सर्व्हिसिंगला बदललेत, आवाजही तेव्हापासूनचाच. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज सकाळी चारही काढले. चिनी मातीचं टोक पांढरंफटक पडलंय, एकावर बारीक फोडासारखे ठिपके आहेत. नंबर पुस्तिकेशी जुळत नाही, एका पायरीने गरम आहे. वडिलांच्या वेळचं जुनं खोकं डिकीत सापडलं, त्यावर पुस्तिकेतलाच नंबर आहे.

नवा संच मागवलाय. बसवला की टाकी उतरू देतो, साधं पेट्रोल भरतो आणि चौघांना घेऊन त्याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जातो. आवाज आला तर कूलंट आणि कार्बनकडे वळू. काय होतं ते इथेच कळवतो.