खाली रुमालसुद्धा हलत नव्हता, तरी आतषबाजी 'वाऱ्यामुळे रद्द'. हे कसं ठरतं?

निशिकासाईकर

नमस्कार मंडळी. मी टोकियोत, निशिकासाईला राहतो. आई-बाबा साताऱ्याहून दीड महिन्यासाठी आलेत. बाबांना लहानपणापासून आतषबाजीचं वेड, म्हणून इथल्या एका मोठ्या थीम पार्कची तिकिटं काढली. दिवसभर हिंडलो. आईचे गुडघे दुखत होते, तरी ती रात्री साडेआठपर्यंत नेटानं थांबली. शोला दहा मिनिटं असताना घोषणा झाली, आधी जपानीत, मग इंग्रजीत: वरच्या हवेतल्या वाऱ्यामुळे आजची आतषबाजी होणार नाही.

बाबांनी खिशातला रुमाल काढला आणि हात उंच करून धरला. रुमाल सरळ खाली लोंबत होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "वारा कुठाय रे?" मला उत्तर देता आलं नाही.

दहा दिवसांनी परत गेलो, परत तेच. त्या खेपेला दिवे आणि संगीताचा भाग मात्र पूर्ण झाला. परतीचं विमान पुढच्या आठवड्यात आहे आणि त्याआधी आम्ही तिसऱ्यांदा जाणार आहोत. त्याआधी मला हे नीट समजून घेऊन बाबांना सांगायचंय. वरचा वारा हे लोक मोजतात कसा? मोठे नको तर निदान लहान बार का उडवत नाहीत? आणि ऐन शोमध्ये कॉम्प्युटर अडकला तर काय करतात? इथं कुणी या कामात असेल तर कृपया लिहा.

औटवाला

रुमाल बरोबर होता आणि घोषणाही बरोबर होती. सवडीनं लिहितो, कारण हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

मी तासगाव तालुक्यातला. कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढं जे दारूकाम होतं, ते बघतच मोठा झालो. आमचे आजोबा औट, म्हणजे दारू ठासून उडवायचे बार, ठासायचे. गेली नऊ वर्षं मी आखातात आहे, थीम पार्क आणि मोठ्या शोंच्या फायरिंग टीममध्ये. गावाकडं बार उडवणारा माणूस आणि बार यांच्यात चार हातांचं अंतर असायचं, इथं चारशे मीटरची केबल असते. वाऱ्याची धास्ती मात्र दोन्हीकडं तीच.

आधी उंचीचा हिशोब. गोळा जितक्या इंचांचा, साधारण तितके शंभर फूट तो वर जाऊन फुटतो. 3 इंची गोळा 90 मीटरवर, 6 इंची 180 मीटरवर. रुमाल धरला होता दोन मीटरवर. फुटल्यावर रंगाचे तारे वरच विझतात, पण पुठ्ठ्याचं कवच तुकडे होऊन खाली येतं, कधी कडेला धग असलेलं. असा तुकडा सेकंदाला 4 मीटरनं उतरतो असं धरा. 180 मीटर उतरायला 45 सेकंद लागले. वर सेकंदाला 8 मीटर वारा असेल, म्हणजे ताशी 29 किलोमीटर, तर तो तुकडा 360 मीटर लांब जाऊन पडणार. तिथं रिकामी जागा असेल तर ठीक. तिथं लहान मुलांना खांद्यावर घेऊन माणसं उभी असतील तर नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए 1123 या नियमावलीत प्रेक्षकांचं अंतर इंचामागं किमान 70 फूट धरलंय, म्हणजे 6 इंचीला 420 फूट. पण तो तळाचा आकडा झाला. वारा असला की त्यावर विसंबून चालत नाही.

आणि नुसता वेग बघून भागत नाही, दिशा त्याहून महत्त्वाची. आमच्याकडं एकाच वेगाच्या वाऱ्यात एका रात्री शो झाला, दुसऱ्या रात्री रद्द झाला. पहिल्या रात्री वारा समुद्राकडं होता, दुसऱ्या रात्री पार्किंगकडं.

मोजायचं कसं? उंच क्रेनवर किंवा छतावर वारामापक असतो, पण तो 30-40 मीटरचंच सांगतो. वरचं बघायला आम्ही हेलियमचा फुगा सोडतो, खाली बारका दिवा बांधून. फुगा ठरावीक वेगानं वर चढतो, म्हणून किती सेकंदांनी तो कुठल्या कोनात दिसतो यावरून कुठल्या उंचीवर किती वारा आहे ते काढता येतं. दुपारी एक, संध्याकाळी एक, शोच्या तासभर आधी एक, आणि शंका असली तर अगदी शेवटी अजून एक. तुमची घोषणा दहा मिनिटं आधी झाली त्याचं कारण हेच असावं. आशा असते तोवर कुणी घोषणा करत नाही.

आता लहान बारांचं. ते उडवतातही. बऱ्याच पार्कांत एकाच शोच्या दोन-तीन आवृत्त्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात. पूर्ण आवृत्ती, मग वरचा थर काढलेली, ज्यात फक्त जमिनीजवळचे अनार, कॉमेट (शेपटी सोडत वर जाणारे बार) आणि लहान बार राहतात, आणि शेवटी बिनदारूची. संगीत, दिवे, प्रोजेक्शन, फवारे आणि फायरिंग, सगळं एकाच टाइमकोडवर, म्हणजे सगळ्या यंत्रांना मिळणाऱ्या एकाच घड्याळावर, चालतं, त्यामुळं दारूचा भाग बंद केला तरी बाकीचं आपल्या जागी चालू राहतं. तुम्ही दुसऱ्या खेपेला पाहिलंत ते बहुतेक हेच. पण जागा लहान असेल, बार इमारतींच्या मागून उडत असतील, तर लहान बार प्रेक्षकांना दिसतच नाहीत. मग सगळंच थांबवतात.

रद्द केल्यानं पार्कचे पैसे वाचतात असं लोकांना वाटतं, म्हणून एक सांगतो. गोळे दुपारीच नळ्यांत उतरवून वायरिंग झालेलं असतं. रद्द झालं की तो सगळा जिवंत माल एकेक करून काढायचा किंवा झाकून पहाऱ्यात ठेवायचा. शो झालेल्या रात्रीपेक्षा रद्द झालेल्या रात्री आमच्या कमरा जास्त दुखतात.

बिघाडाचा प्रश्न. प्रत्येक गोळ्याला ई-मॅच, म्हणजे विजेनं पेटणारी काडी, लावलेली असते. शोआधी तिच्यातून अगदी बारीक करंट सोडून सर्किट जोडलेलं आहे का ते बघतात. एका जानेवारीत शोला 22 मिनिटं उरली असताना डावीकडच्या एका मॉड्यूलवर 32 पैकी 14 जोडण्या लाल दिसायला लागल्या. आखातात हिवाळ्याच्या रात्री दव फार पडतं. नळ्यांच्या तोंडावर आम्ही अॅल्युमिनियमची फॉइल चढवतो, गोळा ती फाडून वर जातो. त्या रात्री फॉइलवर पाण्याचे थेंब ओळीनं उभे होते, आणि एक थेंब ओघळून कनेक्टरच्या खाचेत गेला होता. बॅटरीच्या उजेडात मला ती हिरवट ओल दिसली. पुसून परत जोडायला आत जाण्याइतका वेळ नव्हता, गोळे भरलेले होते. आमच्या शो-प्रमुखानं एक मिनिट विचार केला आणि डावीकडचे 14 बंद केलेच, वर उजवीकडचे जोडीचे 14 पण बंद केले. एका बाजूनं फुलणारा पंखा बघवत नाही, म्हणाला. 28 बार कमी उडाले. लोकांना कळलं नाही. माझ्या मनातून ती रात्र जात नाही.

ऐन शोमध्ये काही झालं तर? एक माणूस हातात स्विच दाबून बसलेला असतो. त्याचा अंगठा खाली असेल तोवरच फायरिंग चालतं. अंगठा उचलला की आकाश थांबतं, गाणं चालू राहतं. परत दाबलं तर टाइमकोड जिथं पोचलाय तिथून पुढं. मधले राहिलेले बार नंतर उडवायचे नाहीत, ते नळीतच राहतात. शो संपल्यावर किमान 15 मिनिटं कुणी नळ्यांजवळ जात नाही.

हवामान_पुणेरी

औटवाला काका, फार छान लिहिलंत. मी हवामानशास्त्र शिकते, म्हणून फक्त रुमालाबद्दल थोडी भर घालते.

जमिनीजवळ झाडं, इमारती, माणसं यांच्याशी घासून वारा मंदावतो आणि वर जाताना वाढतो. ढोबळ नियमानं 10 मीटरवर सेकंदाला 5 मीटर असेल तर 150 मीटरवर साडेसातच्या आसपास. पण संध्याकाळनंतर हा ढोबळ नियमही पुरत नाही. दिवसा तापलेली जमीन हवा वरखाली ढवळत असते, त्यामुळे वरचा वारा खालीही जाणवतो. सूर्य मावळला की जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन बसते. ढवळणं थांबतं. खालच्या थराला वरून ढकलणारं कुणी उरत नाही, म्हणून तो शांत होतो. वरच्या थराला मात्र खालून अडवणारं कुणी उरत नाही, म्हणून तो कधीकधी दुपारपेक्षाही जोरात वाहतो. आपण "वारा पडला" म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा फक्त आपल्या उंचीवर पडलेला असतो. आतषबाजीची वेळ नेमकी तीच.

निशिकासाईकर, तुमच्या बाबांना घराचं उदाहरण द्या हवं तर: खाली दार बंद, वर झरोका उघडा.

मेधा_अर्व्हाइन

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, अॅनाहाइमचं डिस्नेलँड अर्ध्या तासावर. इथं शरदात आणि हिवाळ्यात वाळवंटाकडून सँटा ॲना वारे सुटतात, कोरडे आणि जोरदार. पार्कच्या भोवती वस्ती आहे, त्यामुळे वाऱ्यावरून रद्द होणं इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलंय. तिथं मला आवडलेली गोष्ट म्हणजे शोच दोन्ही तऱ्हांनी चालेल असा बांधतात. 2023 मध्ये आलेल्या 'वंड्रस जर्नीज'मध्ये ठरावीक रात्री आतषबाजी असायची, बाकीच्या रात्री किल्ल्यावरची आणि मेन स्ट्रीटवरची प्रोजेक्शन्स. मुलीला मी बिनआतषबाजीचाच आधी दाखवला. तिला काही कमी आहे असं वाटलंच नाही.

दारूऐवजी दाबलेल्या हवेनं गोळे वर फेकायची पद्धत डिस्नेनं 2004 मध्ये तिथंच सुरू केली. गोळा फुटायचा क्षण वातीऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप ठरवते. जमिनीजवळचा धूर आणि आवाज त्यामुळे कमी झाला. वर गेल्यावर वारा मात्र सगळ्यांना सारखाच.

वाऱ्याची अडचण फक्त गोळ्यांना नसते. 1961 पासून तिथं तारेवरून टिंकर बेल, म्हणजे 'पीटर पॅन'मधल्या परीच्या वेशातली कलाकार, उडते. पहिली टिंकर बेल होती टायनी क्लाइन, सत्तरीची, सर्कशीत काम केलेली बाई. वारा असला की ते उड्डाणही होत नाही, आणि मला ते अगदी पटतं.

बिघाडाचं म्हणाल तर 22 एप्रिल 2023 च्या रात्री तिथल्या 'फँटॅस्मिक'मधला 45 फुटी ड्रॅगन शो चालू असतानाच पेटला. शो वर्षभरानं, मे 2024 मध्ये परत आला, तो ड्रॅगनशिवाय, शेवटचा प्रसंग नव्यानं रचून.

रोहन_के

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ ड्रोन का लावत नाहीत? धूर नाही, राख नाही.

औटवाला

रोहन, ड्रोनही वाऱ्यात थांबवावेच लागतात. शेकडो ड्रोन एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवायचे, म्हणजे झोत आला की बॅटरी जागा सांभाळण्यातच संपते. ते सुंदर दिसतात हे खरं. पण छातीत बसणारा तो आवाज नाही, आणि मी त्या आवाजावर वाढलोय.

कॉम्प्युटरबद्दल एक राहिलं होतं. 4 जुलै 2012 ला अमेरिकेत सॅन डिएगोच्या खाडीवर सुमारे 18 मिनिटांचा शो अर्ध्या मिनिटाच्या आत एकदम उडाला. मुख्य फाइल आणि बॅकअप फाइल यांची सरमिसळ होऊन बिघडलेली तिसरीच फाइल यंत्रात गेली. कुणाला इजा झाली नाही, कारण बार्जेसचं, म्हणजे बार लावलेल्या तराफ्यांचं, अंतर बरोबर ठेवलं होतं. आमच्याकडं नव्या माणसाला हा किस्सा पहिल्या दिवशी सांगतात. म्हणून शोच्या दिवशी दुपारनंतर फाइलला कुणी हात लावत नाही.

आणि एक उलटी गोष्ट. वारा अजिबात नसला तरी आम्ही नाराज असतो. पहिल्या दोन मिनिटांचा धूर तिथंच लटकतो आणि पुढचे रंग त्याच्या मागं जातात. हलकासा, प्रेक्षकांकडून बाहेर जाणारा वारा मिळाला तर त्या रात्री आम्ही न बोलता एकमेकांकडं बघतो.

निशिकासाईकर, बाबांना सांगा, पहिल्या गोळ्याचा रंग विझला की त्याच्या धुराकडं बघा. तो जिकडं सरकेल तिकडं वरचा वारा. आणि उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. सेकंदाला 340 मीटर.

निशिकासाईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. फुग्याचा भाग दोनदा वाचायला लावला. कवठे एकंदचं नाव ऐकून म्हणाले, तरुणपणी एकदा एसटीनं गेलो होतो, पहाटेपर्यंत उभा होतो.

काल तिसऱ्यांदा गेलो. आठ वीसला मी घोषणेच्या भीतीनं स्पीकरकडे बघत होतो, बाबा वर बघत होते. घोषणा झाली नाही. पहिला गोळा फुटला, लाल. बाबा आईच्या कानाशी मोठ्यानं मोजत होते, "एक, दो..." आणि आवाज आला. "पाचशे-सहाशे मीटरवर आहे गं," म्हणाले. धूर समुद्राकडे गेला, हळूहळू. त्यांनी रुमाल काढलाच नाही.

आईनं विचारायला सांगितलंय: औटवाला, दसऱ्याला गावी असता का?

औटवाला

यंदा रजा मिळालीय. काकूंना म्हणावं, गावात शिरल्यावर कुणालाही विचारा, घर दाखवतील. रात्री जेवूनच बाहेर पडायचं, आणि सुती कपडे घालायचे.