पुण्यात बालेवाडीला मेट्रो लाइन ३ (हिंजवडी ते शिवाजीनगर) च्या भरवशावर फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न
नमस्कार मंडळी, आम्ही दोघंही हिंजवडी फेज २ ला नोकरीला, राहायला कोथरूडला भाड्याने. बालेवाडीत एका टॉवरमध्ये टू बीएचके बघितलाय, काम अजून चालू आहे. सेल्सवाला म्हणतो स्टेशन तीन मिनिटांवर, पझेशनपर्यंत मेट्रो धावायला लागेल, म्हणून रेट जास्त. रोज जाऊन येऊन अडीच तास जातात हो, लेक पाळणाघरात शेवटची उरलेली असते. काढावं का एवढं कर्ज?

वनाजकर
ताई, मी वनाज स्टेशनजवळ राहतो. मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा आमच्याकडून फक्त गरवारे कॉलेजपर्यंत जायची, सोसायटीतले सगळे एकदा हौसेने फिरून आले आणि परत आपली टू-व्हीलर. ऑगस्ट २०२३ ला रुबी हॉलपर्यंत गेली, मार्च २०२४ ला रामवाडी, तेव्हा कुठे माझं ऑफिसला जाणं खरंच सुखाचं झालं. लाइन ३ चं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं आहे, तारखा किती वेळा पुढे गेल्या बघा. मेट्रो नाहीच असं धरून भाडं आणि हप्ता दोन्ही झेपत असेल तरच घ्या. आणि ती तीन मिनिटं स्वतः चालून बघा, सकाळी नऊला, जिना रस्त्याच्या कुठल्या बाजूला उतरतो तेही बघा.

बाणेरची सुनंदा
पाण्याचं विचारलंत का? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही, मेन्टेनन्समधला मोठा वाटा त्यातच जातो. आणि स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत टीओडीमुळे (मेट्रोलगत जास्त बांधकामाला परवानगी देणारं धोरण) एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते, चारपर्यंत मिळू शकतो, म्हणजे आज बाल्कनीसमोर जो मोकळा प्लॉट दाखवतायत तिथे उद्या टॉवर येणार, आणि रस्ता तोच, पाइपलाइन तीच. महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून पूर्णत्वाची तारीख बघा, तोंडी सांगतात ती धरू नका. आम्ही ओसीच्या, म्हणजे पालिकेच्या राहायला परवानगी देणाऱ्या दाखल्याच्या, आधी राहायला आलो, नळ कनेक्शनसाठी दीड वर्ष हेलपाटे घातले, ते तुमच्या वाट्याला नको. स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का मेट्रो सेस असतो तोही हिशोबात धरा.

प्रश्नकर्ती
खूप आभार दोघांचे. आज रजा टाकून लेकीला घेऊन चालून बघितलं, गेटपासून जिन्यापर्यंत चौदा मिनिटं लागली, मध्ये एका ठिकाणी फुटपाथच नाही, खडी पडलेली आणि काँक्रीट मिक्सर रिव्हर्स येत होता, तिला कडेवर घेऊनच पुढे गेले. सेल्सवाल्याला सांगितलं तर म्हणाला मॅडम आम्ही गाडीने मोजतो. टोकन दिलेलं नाही. आता त्याच भागात ओसी झालेला रिसेल बघतोय, थोडा लहान असला तरी चालेल. सुनंदाताई, तुमच्या बाजूला पालिकेचं पाणी रोज येतं अशी एखादी जुनी सोसायटी माहीत असेल तर नक्की कळवा, शनिवारी येऊन बघतो.